विहीर गोठत नाही

पौष महिन्यातील पहाट. कयाधू नदीकाठच्या शिवारात गहू आणि हरभरा दवाने ओथंबलेले आहेत. बांधावर शेकोटी पेटली आहे आणि तिच्याभोवती घोंगड्या पांघरून माणसे बसली आहेत. इतक्यात कोणी उठून विहिरीवरील मोटारीचा खटका दाबतो. क्षणभर नळीत गुरगुर होते आणि मग पाण्याचा जाड लोट हौदात कोसळू लागतो. त्या पाण्यातून पांढरी वाफ निघताना पाहून मुले हात पुढे करतात. हवा अंगाला झोंबत असते. पाणी मात्र कोमट लागते!

मुलांनो, आमच्या हिंगोली जिल्ह्यात हे दृश्य प्रत्येक हिवाळ्यात दिसते. तुमच्याही गावी ते दिसत असेल. हिवाळ्यात विहिरीचे पाणी ऊन का होते आणि वैशाखात तेच पाणी गार का लागते, असा प्रश्न तुम्ही कधी कोणास विचारला आहे काय? 'विहिरीला ऋतू कळतो,' असे जुनी माणसे कौतुकाने म्हणतात. खरे पाहता गोष्ट नेमकी उलट आहे. विहिरीला ऋतू कळत नाही, म्हणूनच हा चमत्कार घडतो.

सूर्याची उष्णता मातीच्या व खडकाच्या थरांतून अतिशय मंद गतीने खाली जाते आणि तितक्याच मंद गतीने वर येते. त्यामुळे दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारवा हातभर खोलीच्या खाली फारसा पोहोचत नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यातील फरक याहून खोल जातो. पण सुमारे तीस फूट खोलीवर तोही जवळजवळ नाहीसा होतो. तेथील उष्णतामान बाराही महिने सारखे राहते आणि ते त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीएवढे असते. मराठवाड्यात ही सरासरी साधारणपणे २५ ते २८ अंश सेल्सिअस भरते. पहाटेची हवा दहा अंशांवर उतरली म्हणजे विहिरीचे पंचवीस अंशांचे पाणी हाताला कोमट वाटते. वैशाखात हवा चाळीस अंशांच्या वर गेली म्हणजे तेच पाणी हाताला गार वाटते. पाणी बदलत नाही, आपण बदलतो.

ही एवढीशी गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मोठ्या अडचणीच्या वेळी कामी आली. ती हकीकत तुम्हांला सांगावयाची आहे. परंतु तत्पूर्वी, पाणी गोठते म्हणजे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात पाणी गोठण्याचा प्रसंग क्वचितच येतो. शेजारच्या परभणीत पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. तथापि तेवढ्याने पाणी गोठत नाही. महाबळेश्वर येथे मात्र वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटेच्या वेळी गवतावरील दवबिंदू गोठून त्यांचे हिमकण झालेले आढळतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते आणि हवेपेक्षाही थंड होते. म्हणून हवेतील पारा शून्याच्या वर असतानाही गवताच्या पात्यावर बर्फ दिसू शकते. सूर्य वर येताच ते वितळून जाते. आपल्याला ती केवळ मौज वाटते. परंतु जेथे हे बर्फ दिवसेंदिवस वितळत नाही, तेथे ती मौज राहत नाही.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही आकसते, परंतु केवळ ४ अंशांपर्यंत. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते आणि शून्य अंशावर त्याचे बर्फ होताना तर एकदम फुगते. शंभर घागरी पाण्याचे बर्फ केले, तर ते मावण्यास सुमारे एकशे नऊ घागरींची जागा लागते. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगते. तलावाच्या पृष्ठभागावर बर्फाचे पांघरूण तयार होते आणि त्याखाली मासे जिवंत राहतात.

माशांना तारणारा हा गुण नळीच्या मात्र जिवावर उठतो. लोखंडाच्या नळीत पाणी कोंडलेले आहे, नळाची तोटी बंद आहे आणि मधेच बर्फाचा बोळा तयार झाला, अशी कल्पना करा. तो बोळा वाढू लागला म्हणजे त्याच्यापुढच्या पाण्याला सरकण्यास जागा उरत नाही. बोळा आणि बंद तोटी यांच्यामधील पाण्याचा दाब वाढत जातो आणि अखेर नळी चिरते. गंमत अशी, की नळी फुटली हे त्या वेळी कळतही नाही. कारण बर्फाने वाट बंदच केलेली असते. बर्फ वितळल्यावर पाण्याची चिळकांडी उडते, तेव्हा घरधन्याला आपले नुकसान कळून येते.

आता माझ्या विद्यार्थ्याची हकीकत ऐका. तो आमच्याच जिल्ह्यातील एका लहान खेड्यातला. वडिलांची कोरडवाहू शेती, एक विहीर आणि दोन म्हशी, एवढेच त्यांचे वैभव होते. मुलगा हुशार निघाला, अभियंता झाला आणि नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा या राज्यात जाऊन राहिला. मिनेसोटा हे राज्य अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला लागून आहे. तेथील हिवाळा फार कडक असतो. तेथे शहराबाहेर राहणाऱ्या कित्येक कुटुंबांना नगराचे पाणी मिळत नाही. प्रत्येक घराची स्वतःची विंधन विहीर असते. तिलाच आपण बोअर म्हणतो. माझ्या विद्यार्थ्याचे घरही असेच मिनियापोलिस शहराबाहेर होते.

त्या थंड प्रदेशातील विहिरीची रचना समजून घेण्याजोगी आहे. हिवाळ्यात तेथील जमीन वरून खाली गोठत जाते. ती जेथपर्यंत गोठते, त्या खोलीला आपण गोठणरेषा म्हणू. मिनेसोटात घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात निदान साडेतीन फूट आणि उत्तर भागात निदान पाच फूट खोल घेतला पाहिजे, असा बांधकामाचा नियमच आहे. पाण्याच्या नळ्या तर त्याहूनही खोल पुरतात. जेथे बर्फ साचून राहते तेथे जमीन कमी गोठते, कारण भुसभुशीत बर्फ हे कापसाच्या गादीप्रमाणे ऊब धरून ठेवते. उलट ज्या रस्त्यावरील बर्फ फावड्याने काढून टाकलेले असते, त्याच्याखाली थंडी अधिक खोल जाते.

पाणी उपसणारा पंप गोठणरेषेच्या कितीतरी खाली, विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. त्याला पाणबुडी पंप म्हणतात. तेथील भूमिगत पाणी सुमारे ६ ते १० अंशांचे असते. ते आपल्या पाण्याइतके कोमट नव्हे, परंतु कधीही गोठत नाही. पंपाने उचललेले पाणी जमिनीखालूनच घराकडे जाते आणि एका बंद टाकीत दाबाने साठते. टाकीजवळ एक स्वयंचलित खटका असतो. बोरूएवढ्या बारीक नळीतून तो पाण्याचा दाब ओळखतो. दाब कमी झाला की पंप सुरू करतो आणि दाब पुरेसा झाला की बंद करतो. ही टाकी व खटका बहुधा घराच्या उबदार तळघरात ठेवतात. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी मात्र ती व्यवस्था नव्हती. पूर्वीच्या मालकाने अंगणात एक लहानशी लाकडी खोपी बांधून त्यात टाकी आणि खटका बसविला होता. त्या खोपीत एक जुना, तारेचा, शंभर वॉटचा दिवा रात्रंदिवस जळत असे.

आमच्या या अभियंत्याने त्या उन्हाळ्यात घर विकत घेतले. ऑक्टोबर महिन्यात त्याने तो दिवा पाहिला आणि त्याच्या काटकसरी मनाला ते सहन झाले नाही. रिकाम्या खोपीत कोणासाठी ही वीज जाळायची? त्याने जुना दिवा काढून अडगळीत टाकला आणि त्या जागी दहा-पंधरा वॉटचा नवा एलईडी दिवा बसविला. उजेड तेवढाच पडला आणि वीज वाचली. त्याला आपल्या शहाणपणाचे समाधान वाटले.

त्याच सुमारास त्याची आई गावाहून त्याच्याकडे गेली होती. सुनेचे बाळंतपण जवळ आले होते. नोव्हेंबरात घरात नातू जन्माला आला. आईचे अक्षरज्ञान बेताचेच होते. परंतु चाळीस वर्षे तिने विहिरीवरून पाणी वाहिले होते आणि दुष्काळही पाहिले होते. मुलाच्या घरी चोवीस तास नळ असूनही ती रोज रात्री दोन मोठी पातेली पाण्याने भरून ठेवी. मुलगा हसून म्हणे, "माय, इथं पाणी जात नसतं." ती म्हणे, "नाही गेलं तर झाडाला घालीन. माझं काय जातंय?"

२०१९ सालच्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस उत्तर ध्रुवाकडील अतिथंड हवेची लाट अमेरिकेच्या मध्य भागावर उतरली. ३० जानेवारीच्या सकाळी मिनियापोलिस येथे पारा शून्याखाली ३३ अंशांपर्यंत उतरला. शाळा बंद होत्या. उघडी कातडी काही मिनिटांतच हिमाने करपावी, अशी ती थंडी होती. त्या दिवशी सकाळी सुनेने स्वयंपाकघरातील तोटी फिरविली. एक उसासा टाकून नळ कोरडा झाला.

घरात दोन महिन्यांचे तान्हे मूल. बाहेर असा काळ. मुलगा घाबरला. पंप दुरुस्त करणाऱ्याला त्याने दूरध्वनी केला, तेव्हा दोन दिवस तरी येणे शक्य नाही, असे उत्तर मिळाले. कारण त्या सकाळी अनेक घरांवर हाच प्रसंग आला होता. "माय, विहीर गोठली. आता संपलं," असे म्हणून तो डोके धरून बसला.

आई पातेल्यावरील झाकण काढून बाळासाठी पाणी तापवीत होती. तिने मागे वळून पाहिले आणि ती म्हणाली, "येड्या, हीर कधी गोठत नसती. आपल्या हिरीचं पाणी पुसात कोमट लागतंय का नाही? खालची भुई ऊब धरून असती. गोठली असंल तर वरची वाट गोठली असंल. वाट बघ जाऊन."

मुलाला जणू झोपेतून जागे केल्यासारखे झाले. भूमीच्या उष्णतामानाचा जो धडा तो महाविद्यालयात शिकला होता, तो आईने एका वाक्यात सांगितला होता. आता त्याचे शिक्षण कामास आले. प्रथम त्याने पंपाची वीज बंद केली. पाणी पुढे सरकत नसताना पंप फिरत राहिला, तर त्याची मोटार तापून जळून जाते. नंतर त्याने स्वयंपाकघरातील तोटी उघडीच ठेवली, म्हणजे वितळलेल्या पाण्याला आणि कोंडलेल्या दाबाला वाट मिळेल. मग तो लोकरीचे कपडे, टोपी, हातमोजे असा जामानिमा करून खोपीत गेला. टाकीतून घराकडे जाणाऱ्या नळीवर पांढरे हिम साचले होते आणि खटक्याची बारीक नळी तर दगडासारखी झाली होती. जेथे पाणी थोडे आणि नळी बारीक, तेथे थंडीचा पहिला घाव बसतो.

तो आत येऊन म्हणाला, "माय, तू म्हणालीस तसंच आहे. वाटच गोठली. गॅसच्या ज्योतीनं शेकतो नळी." आई म्हणाली, "त्यापरीस उकळतं पाणी वत." मुलांनो, येथे मात्र दोघांचीही चूक होत होती. लाकडी खोपीत ज्योत नेणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. शिवाय नळीच्या मधल्याच भागाला एकाएकी तीव्र उष्णता दिली, तर दोन्ही बाजूंना बर्फ असताना मधे पाण्याची वाफ होते आणि तिच्या दाबाने नळी फुटते. उकळते पाणी एकदम ओतल्यानेही थंडगार नळी तडकू शकते. सुदैवाने शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत होता. मुलाने त्याला दूरध्वनीवरून विचारले. तो म्हणाला, "ज्योत नको, उकळते पाणी नको आणि घाई तर मुळीच नको. नळाच्या बाजूने आरंभ कर आणि हळूहळू मागे सरक."

मुलाने केस वाळविण्याचे विजेचे यंत्र घेतले. सून गरम पाण्यात पंचे पिळून देऊ लागली. नळाकडच्या टोकापासून आरंभ करून तो वीतवीत मागे सरकत गेला. दर दहा मिनिटांनी तो घरात येऊन हात शेकी आणि पुन्हा बाहेर जाई. या खटाटोपात दोन तास गेले. अखेरीस खटक्याची बारीक नळी मोकळी झाली. घरातून आईने हाक दिली, "थेंब आला रं!" त्याने मुख्य तोटीवर हात ठेवूनच पंपाची वीज सुरू केली. नळात गुरगुर झाली. आईने पुढे सांगितले, की तो आवाज अगदी आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखा होता.

परंतु संकट पूर्ण टळले नव्हते. नळीच्या एका वळणावर केसाएवढी चीर गेली होती आणि तेथून पाणी उडू लागले. हात तोटीवरच असल्यामुळे त्याने ते तत्काळ बंद केले. शेजाऱ्याने आपल्याकडील एक जोड दिला आणि सायंकाळपर्यंत ते वळण बदलले गेले. तोपर्यंत आईच्या दोन पातेल्यांवरच घराचे भागले. बाळाला कशाचीही उणीव भासली नाही.

रात्री जेवताना आईने विचारले, "त्या खोपीत एक पिवळा दिवा जळायचा. मी आले तवा खिडकीतून दिसायचा. तो कुठं गेला?"

"मी बदलला, माय. उगीच वीज खात होता."

आई क्षणभर थांबून म्हणाली, "लेकरा, रातच्याला त्या खोपीत पोथी वाचत कोण बसणार हाय? आपून कोंबडीच्या पिलांच्या खुराड्यात बल्ब लावत होतो, तो काय पिलांना दिसावं म्हणून? तो दिवा उजेडापायी नव्हताच. तो उबेपायी होता."

मुलाचा घास हातातच राहिला. तारेच्या जुन्या दिव्यात जी वीज खर्च होते, तिच्यातील शंभरापैकी नव्वदांहून अधिक भागांची उष्णता होते; उजेड अगदी थोडा पडतो. दिवा म्हणून ही मोठी उधळपट्टी आहे. परंतु लहानशा बंद खोपीत तीच उष्णता पाणी गोठू देत नाही. त्याने वाचविलेली वीज ही खरोखर खोपीतली शेकोटी होती. ती त्याने आपल्या हातांनी विझविली होती.

ही हकीकत त्याने मला पत्राने कळविली. ती वाचून मी जे टिपून ठेवले, ते तुमच्यासाठी येथे देतो.

थंडीपासून पंपाचे रक्षण करण्याचे मार्ग मुळात तीनच आहेत. पहिला मार्ग खोलीचा. जे गोठणरेषेच्या खाली आहे त्याचे रक्षण भूमीच करते. म्हणून पंप पाण्यात खोल आणि नळी जमिनीत खोल असावी. दुसरा मार्ग उबेचा. जो भाग जमिनीच्या वर ठेवणे भाग आहे, तो उबदार घरात ठेवावा. ते शक्य नसल्यास नळीला जाड वेष्टण घालावे आणि फटी बुजवून वारा अडवावा. मात्र वेष्टण उष्णता निर्माण करीत नाही. असलेली उष्णता केवळ टिकवून धरते. घोंगडीने दगड ऊन होत नाही. म्हणून फार कडक थंडीत वेष्टणाखाली विजेने ऊब देणारी तारही गुंडाळतात. ऊब देणारा दिवा अथवा तार लाकूड, कापड व भुसा यांपासून दूर ठेवावी, नाही तर पाणी वाचविताना घर जळेल. तिसरा मार्ग रिकामेपणाचा. ज्या नळीत पाणी नाही, तिच्यात गोठणार काय? हिवाळ्यात जे नळ लागत नाहीत, त्यांतील पाणी काढून टाकावे. फार थंड रात्री वापरातील तोटी किंचित सैल सोडून पाण्याची बारीक धार वाहू देतात, हाही याच मार्गाचा एक प्रकार होय. कारण वाहत्या पाण्याबरोबर खालची ऊब वर येत राहते आणि दाबाला वाट मिळते.

रिकामेपणाच्या मार्गाचे एक सुंदर उदाहरण हातपंपात दिसते. मराठवाड्यात आपण त्याला हापसा म्हणतो. भारतातील आजच्या हापशाच्या घडणीत आपल्या मराठवाड्याचाही वाटा आहे. १९६० नंतरच्या दशकात जालना येथे मिशनच्या कार्यकर्त्यांनी पोलादाचा मजबूत हातपंप घडविला. सोलापुरातही तसेच प्रयत्न झाले आणि त्या अनुभवाच्या आधारे पुढे १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा सुप्रसिद्ध हातपंप तयार झाला. आपला हापसा मारणे थांबविले, तरी उभ्या नळीत पाणी भरून राहते. म्हणून पुन्हा दांडा हलविताच पाणी लवकर येते. आपल्याकडे हा गुण आहे. अतिथंड प्रदेशात मात्र तोच दोष ठरेल. म्हणून तेथील हातपंपाच्या उभ्या नळीला गोठणरेषेच्या खाली एक लहानसे छिद्र ठेवतात. पाणी काढून झाले की वरचे पाणी त्या छिद्रातून हळूहळू खाली उतरून जाते आणि थंडीला गोठविण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.

या गोष्टी केवळ परदेशापुरत्याच आहेत, असे समजू नका. आपल्या देशातील लडाखमध्ये लेह हे नगर समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. त्या प्रदेशात महाराष्ट्रातील कितीतरी जवान सीमेचे रक्षण करीत असतात. त्यांनाही पाण्याची नळी खोल पुरणे, ऊब देणे अथवा रिकामी करून ठेवणे, हेच तीन मार्ग आहेत. निसर्गाचा नियम देश पाहून बदलत नाही.

आता आपल्या विहिरीकडे परत येऊ. आपल्या हिंगोलीत पंप गोठत नाही. परंतु तो जळतो. आपला खडक काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत जेवढे पाणी मुरते, तेवढ्यावरच विहिरीची मदार असते. चैत्र-वैशाखात पाणी खोल जाते. पाणबुडी पंपाची मोटार सभोवतालच्या वाहत्या पाण्याने थंड राहते. पाणी संपले आणि मोटार तशीच फिरत राहिली, तर ती तापते व जळते. मिनेसोटात बर्फाने पाण्याची वाट अडली म्हणून पंपाची वीज आधी बंद करावी लागली; येथे पाणीच उरले नाही म्हणून ती बंद करावी लागते. कारण वेगळे, परंतु नियम तोच: पाण्याशिवाय पंप फिरू देऊ नये. म्हणून उन्हाळ्यात विहिरीतील पाण्याची पातळी मोजूनच मोटार सुरू करणारा शेतकरी शहाणा समजावा.

माझ्या विद्यार्थ्याने पुढच्या उन्हाळ्यात ती टाकी आणि खटका घराच्या तळघरात हलविला. तोपर्यंत मात्र अडगळीतील जुना दिवा शोधून त्याने पुन्हा खोपीत लावला, लाकडापासून दूर आणि जाळीच्या आत. त्या जाळीला त्याने एक पाटी अडकविली. त्या देशात ती वाचणारे त्याच्या घरापलीकडे कोणी नव्हते. तरीही ती त्याने मराठीतच लिहिली: 'हा दिवा उजेडासाठी नाही.'

बालमित्रांनो, जुन्या घरात, जुन्या शेतात आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात असे कितीतरी दिवे जळत असतात. त्यांतील काही खरोखरच निरुपयोगी झालेले असतील. ते खुशाल बदलावेत. परंतु बदलण्यापूर्वी एकदा विचारावे, की हा दिवा येथे कोणी आणि कशासाठी लावला होता?

स्वाध्याय

१. हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. 'घोंगडीने दगड ऊन होत नाही,' या वाक्याचा पंपाच्या रक्षणाशी कोणता संबंध आहे?

३. मुलाचे पुस्तकी ज्ञान आणि आईचे अनुभवाचे ज्ञान यांपैकी प्रत्येकाचा उपयोग कोठे झाला? दोघांचीही चूक कोठे होत होती?

४. गोठलेली नळी मोकळी करताना मुलाने कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने केल्या? प्रत्येकीचे कारण द्या.

५. प्रयोग : प्लॅस्टिकच्या एका लहान बाटलीत काठोकाठ पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि ती एक रात्र शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी बाटलीच्या आकारात काय बदल झाला, ते पाहा. काचेची बाटली वापरू नका.

६. वडीलधाऱ्या माणसांना बरोबर घेऊन हिवाळ्यातील एका सकाळी हवेचे आणि विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्याचे उष्णतामान मोजा. उन्हाळ्यात पुन्हा मोजा. दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

७. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू अथवा रीत निवडा. ती कशासाठी आहे, हे आजी-आजोबांना विचारा आणि दहा ओळी लिहा.